खुंटीच मोडली तर? बीटी कपाशी, गुलाबी बोंडअळी आणि तिच्या आतड्यातला एक बदल

२०१७ च्या नोव्हेंबरात मामाच्या शेतात उभं राहून मी एक हिरवं बोंड दोन्ही अंगठ्यांनी फोडलं. यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू रान, कपाशी छातीएवढी वाढलेली, बोंडं बाहेरून ठणठणीत. ना भोक, ना डाग. आत मात्र एक कप्पा पिवळट-तपकिरी पडलेला, रुई चिकटून बसलेली, आणि सरकीला लगटून पेरभर लांबीची गुलाबी अळी. उजेड लागल्यावर ती जराशी वळवळली आणि पुन्हा सरकीच्या आड शिरू लागली. मामाने माझ्या हातातलं बोंड घेतलं, बांधावर टाकून चपलेनं चिरडलं आणि विचारलं, "बीटी हाये ना हे? मंग अळी कायले आली?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. बीटी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असलेली कपाशी, एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. ते विष झाडात होतं आणि अळी ते खात होती. मग ती मरत का नव्हती?

अजूनही दर हंगामात डोमकळ्यांचे फोटो फिरू लागले की हाच प्रश्न निघतो. (डोमकळी म्हणजे अळीने आतून धाग्यांनी शिवून टाकलेलं, न उमललेलं फूल. लांबून गुलाबाच्या कळीसारखं दिसतं, म्हणून नवख्या माणसाला ते बघून बरंसुद्धा वाटतं.) उत्तरं ठरलेली असतात: बियाणं बोगस, कंपनीने फसवलं, हवामान बिघडलं. प्रत्येकात थोडंफार तथ्य असेलही. पण मूळ गोष्ट अळीच्या आतड्यात घडलेली आहे, आणि ती फारशी अवघड नाही.

विष पोटात गेल्यावर काय होतं

बीटी हे एका जिवाणूच्या नावाचं लघुरूप. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस असं त्याचं पूर्ण नाव. एकदा वाचून विसरलात तरी चालेल. १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांमध्ये सापडला. पुढे जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तोच पिठात पडणाऱ्या अळ्यांमध्ये मिळाला, आणि तिथल्या थुरिंगिया प्रांतावरून १९१५ मध्ये त्याचं बारसं झालं. म्हणजे रेशीमवाल्यांचा शत्रू पुढे कापूसवाल्यांचा मित्र झाला.

हा जिवाणू प्रथिनाचे बारीक स्फटिक तयार करतो. स्फटिक आहे त्या रूपात निरुपद्रवी असतो. तो अळीच्या पोटात गेला की खेळ सुरू होतो. आपल्या जठरात आम्ल असतं. अळीचं मधलं आतडं त्याच्या उलट, चांगलंच अल्कधर्मी असतं, खायच्या सोड्याच्या पाण्याहूनही कडक. त्यात स्फटिक विरघळतो. मग अळीचेच पाचकरस त्या प्रथिनाचे जादा तुकडे कापून टाकतात आणि उरतो तो कामाचा, म्हणजे मारणारा, भाग. आतड्याच्या भिंतीवरच्या पेशींना तो चिकटतो, अनेक रेणू एकत्र येऊन भिंतीत आरपार छिद्र पाडतात, पेशी पाणी ओढून फुगतात आणि फुटतात. अळी खाणं थांबवते, आतड्यातले जिवाणू शरीरात शिरतात, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास.

बीटी कपाशीत हा जिवाणू नसतो. त्याच्यातलं विष बनवण्याची कृती, म्हणजे जनुक, तेवढं कपाशीत घातलेलं असतं. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली त्या वाणांत एकच विष होतं, क्राय १ एसी. २००६ मध्ये दोन विषांची कपाशी आली, त्यात क्राय २ एबीची भर पडली. शेतकरी त्यांना बीजी-वन आणि बीजी-टू म्हणतात.

वरच्या वर्णनात एक वाक्य मी मुद्दाम घाईने उरकलं: "आतड्याच्या भिंतीवरच्या पेशींना तो चिकटतो." सगळी गोम तिथे आहे.

भिंतीवरची खुंटी

जुन्या घरात भिंतीला लाकडी खुंट्या असत. सदरा, पिशवी, टोपी, काय वाटेल ते त्यावर टांगायचं. खुंटी नसेल तर पिशवी भिंतीला लावून सोडली तरी खाली पडणार.

पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरही अशा खुंट्या असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. मराठीत 'ग्राही' असा शब्द आहे, पण मी खुंटीच म्हणणार आहे. प्रत्येक खुंटी हे एक प्रथिन असतं आणि ते कसं बनवायचं हे एका जनुकात लिहिलेलं असतं. खुंटीचा आकार ठरलेला, त्यामुळे तिच्यावर काय अडकणार हेही ठरलेलं.

क्राय १ एसी ज्या मुख्य खुंटीवर अडकतं तिचं नाव कॅडहेरिन. या कुळातली प्रथिनं प्राण्यांच्या शरीरात पेशी एकमेकींना धरून ठेवण्याच्या कामी येतात. अळीने ती काही विषासाठी बसवलेली नाहीत. घरच्या कामाची खुंटी होती, चोराने येऊन तिच्यावर आपला दोर अडकवला, एवढंच. क्राय २ एबीला ही खुंटी लागत नाही. त्याचं काम दुसऱ्या प्रथिनावर अवलंबून असतं, त्याला एबीसीए-२ म्हणतात. पेशीच्या आवरणातून पदार्थांची ने-आण करणाऱ्या पंपांच्या कुळातलं ते आहे.

बीटीचं विष एका जातीच्या किड्याला मारतं आणि दुसऱ्याला ढुंकूनही विचारत नाही, याचंही मोठं कारण या खुंट्या. किड्यांच्या कोट्यवधी वर्षांच्या प्रवासात प्रत्येक घराण्याच्या आतड्यातल्या खुंट्या जरा जरा वेगळ्या घडत गेल्या, आणि जिवाणूच्या वेगवेगळ्या वाणांकडे वेगवेगळ्या घराण्यांसाठी वेगवेगळी विषं घडली. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला एक वाण डासांच्या अळ्या मारतो. आपल्याकडे डबक्यांत फवारतात तो हाच. कपाशीतलं विष पतंगवर्गाच्या अळ्यांसाठी आहे. त्याच फुलावर बसलेली मधमाशी किंवा पानावरचा ढालकिडा त्याने मरत नाही.

मग गुलाबी बोंडअळीने काय केलं? तिची खुंटी मोडली.

छगन कमळ बघत बसला

खुंटी मोडते कशी, हे समजायला पहिलीच्या पुस्तकात शोभेल असं एक वाक्य घेऊ: छगन कमळ बघत बसला.

प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. जनुकही असंच तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं, फक्त तिथे शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. वाचणारी यंत्रणा आपली तीन-तीन मोजत पुढे जाते. आता नक्कल करताना 'ग' गळाला असं समजा. मोजणी तशीच चालू राहते आणि वाक्य होतं: छनक मळब घतब सला. एक अक्षर गेलं आणि पुढचं सगळं वाक्य वाया गेलं. जनुकात अशा गोंधळातून बहुतेक वेळा लवकरच एक 'पूर्णविराम' उपटतो आणि प्रथिन अर्ध्यावरच थांबतं. सतराशेच्या घरात दुवे असलेली लांबलचक कॅडहेरिनची साखळी मध्येच तुटते. विष ज्या टोकाशी अडकायचं ते टोक तयारच होत नाही.

याचा पहिला ठोस पुरावा गुलाबी बोंडअळीत मिळाला नव्हता, अमेरिकेतल्या तंबाखूच्या बोंडअळीत मिळाला होता. २००१ मध्ये तिथल्या संशोधकांना दिसलं की विषाला दाद न देणाऱ्या अळ्यांच्या कॅडहेरिन जनुकात एक भटका डीएनए-तुकडा घुसून बसला आहे. जनुकांच्या दुनियेत असे उपरे तुकडे असतात, ते इथून तिथे उड्या मारतात. हा नेमका खुंटीच्या कृतीत जाऊन पडला होता. २००३ मध्ये अॅरिझोनातल्या गुलाबी बोंडअळीत त्याच जनुकाचे तीन वेगवेगळे मोडके नमुने सापडले. एकात अकाली पूर्णविराम, उरलेल्या दोघांत काही दुवेच गायब.

पुढे भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्या तपासल्या, त्यावरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मला सगळ्यात जास्त चकित केलं ते या अभ्यासाने. अॅरिझोनातले तीन नमुने इथे नव्हतेच. इथे आठ निराळेच मोडके नमुने निघाले. वर आणखी एक गंमत: जनुकाची नक्कल वापरण्याआधी पेशी तिच्यातला नको तो भाग कापून उरलेले तुकडे जोडते, शिंप्यासारखी. या अळ्यांमध्ये ती कापाकापीच बिघडली होती आणि एकाच जनुकापासून निरनिराळ्या फसलेल्या नकला निघत होत्या. क्राय २ एबीच्या बाबतीतही तेच. २०१८ मध्ये कळलं की त्याला न जुमानणाऱ्या अळ्यांमध्ये, अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतल्या आणि भारतातल्या शेतांतल्याही, एबीसीए-२ चं जनुक मोडलेलं आहे.

एकाच पोराने गणितात नापास होण्याची पद्धत शोधून सगळ्यांना शिकवली असं इथे झालेलं नाही. पेपर सोडवण्याची रीत एक असते, चुकवण्याच्या हजार. नवीन अवजार घडवायचं तर योगायोगांची रांग लागते. असलेलं मोडायला एक चूक पुरते. म्हणूनच अॅरिझोनात वेगळी मोडतोड, भारतात वेगळी, आणि परिणाम दोन्हीकडे तोच.

"म्हणजे अळीला विषाची सवय झाली?"

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की कृषी मेळाव्यातल्या भाषणांतही ऐकू येतो. तंबाखू खाणाऱ्याला तंबाखूची सवय होते तशी एखादी अळी थोडं थोडं विष खाऊन कणखर होत नाही. खुंटी शाबूत असलेली अळी बीटी बोंडात मरते, आज मरते, उद्याही मरेल. मोडक्या खुंटीची अळी पहिल्या घासापासूनच वाचते, कारण ती जन्मतःच तशी असते.

मोडकी जनुकं बीटी कपाशी यायच्या आधीही अधूनमधून जन्मत असणार. नक्कल करताना चुका होतच असतात. पूर्वी त्यांना काही किंमत नव्हती. उलट थोडा तोटाच होता, कारण खुंटी घरच्या कामाची होती. अॅरिझोनातल्या प्रयोगांत असं दिसलं की मोडक्या खुंटीच्या अळ्या साध्या, बिनविषारी कपाशीवर इतरांपेक्षा कमी जगतात आणि हिवाळा काढणंही त्यांना जड जातं. कपाशीत गॉसिपॉल नावाचं मूळचं कडू रसायन असतं; ते जास्त असलं तर हा तोटा वाढतो. बीटी कपाशी लावली आणि तराजू उलटला. चांगल्या खुंटीच्या अळ्या रानात मरू लागल्या, मोडकीच्या उरल्या, आणि पुढची पिढी उरलेल्यांचीच झाली. एक मादी शंभरावर अंडी घालते, आणि महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी उभी राहते.

दोन प्रतींचा हिशोब

इथवर वाचून वाटेल की मग हे होणारच होतं. तसं नाही, आणि हा भाग जरा सावकाश वाचा.

प्रत्येक अळीकडे खुंटीच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत मोडकी आणि एक चांगली असेल, तर चांगल्या प्रतीवरून खुंट्या बनतातच, आणि विष अडकतंच. अळी मरते. वाचायला दोन्ही प्रती मोडक्या लागतात.

समजा, हजारात एक प्रत मोडकी आहे. मग दोन्ही मोडक्या असण्याची शक्यता हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. त्या एका अळीचा पतंग झाला की तो जोडीदार शोधणार. आजूबाजूला सगळी बीटीच असेल, तर तिथून जिवंत निघालेले पतंग कोण? त्याच्यासारखेच. दोन्ही मोडक्यांचं लग्न दोन्ही मोडक्यांशी, पोरं सगळी मोडक्या खुंटीची. पण शेजारी साध्या कपाशीच्या काही ओळी असतील, तर तिथून चांगल्या खुंटीचे पतंग ढिगाने उडतात. त्या एकट्या पतंगाला बहुधा त्यांच्यातलाच जोडीदार मिळतो. पोरांत एक प्रत चांगली, म्हणजे ती बीटी बोंडात मरतात. बंड जागच्या जागी विरतं.

साध्या कपाशीच्या या ओळींना आश्रयपट्टा म्हणतात. सरकारी नियम होता: बीटीभोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. म्हणूनच ४५० ग्रॅम बीटीच्या डब्याबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं.

त्या पाकिटाचं काय झालं हे कापूस पट्ट्यातल्या कोणालाही विचारा. आमच्याकडे ते खरोखरच भिंतीवरच्या खुंटीला टांगलेलं असायचं. फार तर नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरायचं. मामाला दोष देण्यात अर्थ नाही. चार एकरवाल्या माणसाला तुम्ही सांगता की पाचव्या हिश्शाच्या जमिनीवर अळीसाठी पीक लाव, आणि का ते सांगत नाही. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेली सूचना म्हणजे समजावणं नव्हे. आता नॉन-बीटीचं बी मुख्य पाकिटातच मिसळून येतं, पण तोवर उशीर झाला होता. गुजरातेतल्या बोंडअळ्या क्राय १ एसीला दाद देत नाहीत हे २०१० मध्ये जाहीर झालं, २०१५ पर्यंत बीजी-टू वरही अळी पडू लागली, आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं फुटली ती आतून कवडी होऊन, म्हणजे रुई डागाळून, चिकटून.

बोंडाच्या आतली पत्त्यांची पिसणी

आश्रयपट्ट्याइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे, तिची चर्चा फार कमी होते. भारतात बीटी कपाशी जवळपास सगळी हायब्रीड. तिच्या दोन पालकांपैकी साधारणपणे एकातच बीटीचं जनुक असतं. त्यामुळे शेतातल्या झाडाकडे त्या जनुकाची एकच प्रत असते. पान, पाते (म्हणजे फुलाची कळी), बोंडाची साल, सगळीकडे विष असतं. पण सरकी म्हणजे झाडाचं मूल, आणि मुलांमध्ये पत्ते पुन्हा पिसले जातात. एका विषाचा विचार केला तर चारातली एक सरकी बिनविषारी निघते. दोन विषांचा केला तर सोळात नऊ सरक्यांत दोन्ही, तिघींत फक्त एक, तिघींत फक्त दुसरं, आणि एक पूर्ण कोरी.

गुलाबी बोंडअळी तर सरकीच खाते, तीही बोंडात लपून. म्हणजे तिच्यापुढे एकाच ताटात विषारी आणि बिनविषारी घास मिसळून वाढलेले. पहिले काही घास कोऱ्या सरकीचे मिळाले की ती मोठी होते, आणि मोठ्या अळीला विष कमी लागू पडतं. ज्या अळ्यांची एक प्रत चांगली आहे, ज्या मरायलाच हव्या होत्या, त्यांच्यातल्याही काही अशा ताटावर तगतात. दोन प्रतींचा सगळा हिशोब इथेच कोलमडतो. त्यात आपली हायब्रीडं सहा-सहा महिने रानात उभी. वर पाणी असेल तर फरदड. वेचणी झाली तरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायची नाहीत, पुन्हा पालवली तर दोन पैसे सुटतात. त्या दोन पैशांत बोंडअळीच्या आणखी एक-दोन पिढ्या पोसल्या जातात.

"पण बियाणंच बोगस असेल तर?"

असतं कधी कधी. बोगस बियाण्याचे गुन्हे दरवर्षी दाखल होतात. पण झाडात विष आहे की नाही, हे पान कुटून साध्या पट्टीवर तपासता येतं. गरोदरपणाच्या चाचणीसारखी रेघ उमटते. शिवाय नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने शेतांतल्या अळ्या गोळा करून प्रयोगशाळेत मोजूनमापून विष घातलेल्या खाद्यावर वाढवून पाहिल्या. तिथे बियाण्याचा संबंधच नाही. अळ्या जगल्या.

दुसरा खोचक प्रश्न: विष जुनं झालं म्हणता, मग हिरवी बोंडअळी अजून का मरते? बीटी मुळात आणली ती तिच्याचसाठी. नव्वदच्या दशकात तिनेच शेतकऱ्याला रडवलं होतं. ही अळी खादाड आणि सर्वभक्षी. हरभऱ्यावर गेली की तिला घाटेअळी म्हणतात, तुरीवर शेंगा पोखरते, टोमॅटोही सोडत नाही. म्हणजे आपण नियमानुसार लावला नाही तो आश्रयपट्टा तिला तुरीच्या आणि हरभऱ्याच्या रानांनी फुकटात दिला. तिथे विष नाही, तिथून चांगल्या खुंटीचे पतंग येत राहतात. गुलाबी अळी आपल्याकडे जवळपास कपाशीवरच जगते. तिला दुसरं घर नव्हतं आणि तिच्या एकुलत्या एका घरात आपण सगळीकडे विष ठेवलं.

दोन देश, दोन तऱ्हा

अमेरिकेत बीटी कपाशी १९९६ मध्ये आली, आपल्या सहा वर्षं आधी. अॅरिझोनात शेतकऱ्यांनी आश्रयपट्टे खरोखर लावले. मोडकी जनुकं तिथेही होती, पण ती वाढली नाहीत. २००६ पासून त्यांनी कारखान्यात वाढवलेले, वांझ केलेले पतंग विमानातून शेतांवर सोडायला सुरुवात केली. या पतंगांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असे, म्हणजे सापळ्यात सापडला तर चिरडून बघायचं: पोट लाल तर आपला, नाही तर रानातला. २०१८ मध्ये अमेरिकेने कापसाच्या शेतांतून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. ज्या हंगामात आपण नुकसानीचे पंचनामे निस्तरत होतो त्याच्या पुढच्याच वर्षी.

चीनचं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण तिथे शहाणपणापेक्षा काटकसर कामी आली. यांगत्से नदीच्या खोऱ्यात क्राय १ एसीला न जुमानणाऱ्या अळ्या वाढू लागल्या होत्या. त्याच सुमारास तिथले शेतकरी हायब्रीडचं दुसऱ्या पिढीचं बी पेरू लागले; ते स्वस्त पडत होतं. दुसऱ्या पिढीत पत्ते पिसले गेल्यामुळे शेतातलं दर चौथं झाड पूर्ण बिनविषारी निघालं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मोजलं नव्हतं, तरी आश्रयपट्टा शेतभर विखरून उभा राहिला आणि मोडक्या खुंटीच्या अळ्यांचं प्रमाण पुन्हा खाली आलं. पिसणी तीच, जी आपल्या बोंडांत होते. तिथे मात्र तिच्यातून अख्खी झाडंच कोरी निघाली, आणि त्या झाडांवर चांगल्या खुंटीच्या अळ्यांना पोटभर खाऊन पतंग होता आलं.

"मग नवं विष आणा ना"

आणता येईल. मेक्सिकोच्या संशोधकांनी २००७ मध्येच क्राय विषाचा एक तुकडा आधीच कापून असं रूप तयार केलं की त्याला कॅडहेरिनची खुंटी लागेचना. गुलाबी बोंडअळीच्या दाद न देणाऱ्या अळ्यासुद्धा प्रयोगशाळेत त्याने मेल्या. इतर जिवाणू-विषं आहेत, ती वेगळ्या खुंट्यांवर अडकतात. पण वेगळी खुंटी असली तरी तीही जनुकात लिहिलेली, आणि छगनचं 'ग' तिथूनही गळू शकतं. दोन विषं एकदम द्यायची कल्पना चांगली होती, कारण एकाच अळीत दोन्ही खुंट्या मोडलेल्या असणं फार दुर्मिळ. पण आपण एकाची चव अळीला आधी चार वर्षं दिली, मग दुसरं जोडलं, आणि पहिल्याचं बियाणंही बाजारात चालूच ठेवलं. दोन कुलपं एकदम लावण्याऐवजी आधी एक लावून चोराला सराव दिला.

आणि एक प्रश्न मामीने विचारला होता, तो टाळता येत नाही: सरकीचं तेल आपण खातो, म्हशीला ढेप घालतो, मग आपल्या आतड्यात ही खुंटी नाही का? कॅडहेरिन कुळातली प्रथिनं आपल्याकडेही आहेत, पण अळीच्या आतड्यातली, या विषाला पकडणारी ती खास खुंटी नाही. शिवाय आपल्या जठरातल्या आम्लात ते प्रथिन डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं. कपाशीवरच्या फवारण्यांबद्दल मात्र मी असं निर्धास्तपणे बोलणार नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ती अळीला मारणाऱ्या प्रथिनाने नव्हेत.

गेल्या फेब्रुवारीत मामाकडे गेलो तेव्हा रान मोकळं होतं. शेवटची वेचणी डिसेंबरात उरकून त्याने पऱ्हाटी काढून टाकली होती. शेजारच्या धुऱ्यावर मात्र गेल्या सालचा पऱ्हाट्यांचा ढीग तसाच पडलेला, चुलीसाठी ठेवलेला. मामाने त्यातलं एक वाळकं, अर्धवट उघडलेलं बोंड तोडून मला दाखवलं. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटल्या होत्या, जणू कोणी टाका घालून जोडल्या. त्याने नखाने टाका उसवला. दोन्ही सरक्या आतून पोकळ होत्या, आणि त्या पोकळीत गुलाबी अळी झोपली होती, पावसाची वाट बघत.

"हिची खुंटी मोडेल हाये का नाई," मामा म्हणाला, "हे कसं वळखाचं?"

वरून ओळखता येत नाही, मी म्हटलं. त्याने ती बोटात चिरडली, हात धोतराला पुसला, आणि शेजाऱ्याला ढिगाबद्दल सांगायला बांध ओलांडून गेला.